राख तरी दिसते

रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' ही पुस्तकं जाळणाऱ्या अग्निशामकांची कादंबरी १९५३ साली बॅलन्टाइन या अमेरिकी प्रकाशनाने काढली. चौदा वर्षांनी, १९६७मध्ये, त्याच प्रकाशनाने शाळांसाठी तिची वेगळी आवृत्ती काढली आणि ती काढताना मजकुरात पंचाहत्तरेक ठिकाणी हात फिरवला. 'हेल', 'डॅम', 'अबॉर्शन' असे शब्द गेले. एका प्रसंगातला दारू प्यायलेला माणूस आजारी झाला. बेंबीतला मळ काढण्याचा उल्लेख होता तिथे कान साफ करणं आलं. मजकूर बदललेला आहे असं पुस्तकावर कुठेही छापलं नव्हतं, आणि लेखकालाही कळवलं नव्हतं. काही वर्षं दोन्ही पाठ बाजारात होते. १९७३पासून मूळ पाठ छापणं थांबलं, आणि पुढची सहा वर्षं दुकानात मिळणारी या पॉकेटबुकची प्रत्येक नवी प्रत धुऊन काढलेलीच होती. १९७९ साली विद्यार्थ्यांच्या पत्रांतून ब्रॅडबरीला हे समजलं. तो भडकला, मूळ मजकूर परत आला, आणि पुस्तकाच्या शेवटी त्याने एक खरमरीत टिपण जोडलं.

ही हकिगत बहुतेक वेळा 'काय हा विरोधाभास' म्हणून सांगितली जाते आणि लोक हसून पुढे जातात. पण तिच्यात मोजण्यासारखं काही आहे. याच प्रती चौकात जाळल्या असत्या तर संध्याकाळच्या बातम्यांत आलं असतं. पंचाहत्तर ठिकाणी खोडरबर फिरवलं, तर लेखकापर्यंत बातमी पोचायला बारा वर्षं लागली. दरम्यान ज्यांच्या हातात बदललेलं पुस्तक पडलं त्यांनी तेच मूळ समजून वाचलं. कागद ज्या तापमानाला पेट घेतो त्याचा आकडा ब्रॅडबरीने नावात घातला, पण त्याच्या कादंबरीचं जे झालं ते साध्या खोलीच्या तापमानाला झालं.

डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्य रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांची चर्चा निघाली की आपल्याला आग दिसते, भिंतीवरचा डोळा दिसतो, चेहऱ्यावर पडणारा बूट दिसतो. मला वाटतं, या कादंबऱ्यांतलं सगळ्यात कामाचं निरीक्षण तिथे नाही. सेन्सॉर किती कडक आहे यापेक्षा त्याची कात्री कुठे चालली याची खूण मागे राहते का, या प्रश्नावर बाकीचं बरंच अवलंबून असतं. खूण राहिली तर भांडता येतं, न्यायालयात जाता येतं, निदान चिडता येतं. तंत्रज्ञानाने गेल्या शंभर वर्षांत सेन्सॉरला दिलेली मोठी देणगी ही खूण पुसण्याची सोय आहे. आणि सगळ्यांसारखं वागण्याची आपली सवय अशी की खूण नसली तर विचारायलाही कोणी जात नाही.

ब्रॅडबरीला हे पुरतं ठाऊक होतं. कादंबरीतला अग्निशामकांचा कॅप्टन बीटी हाताखालच्या माँटॅगला, म्हणजे नायकाला, जो इतिहास ऐकवतो, त्यात सरकारी फतव्याने सुरुवात होतच नाही. आधी अभिजात पुस्तकं पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात बसवली जातात, मग दोन मिनिटांच्या सदरात, शेवटी कोशातल्या दहा-बारा ओळींत. प्रत्येक गटाला कुठलं ना कुठलं पान खटकतं, आणि नियतकालिकं कोणालाच खटकणार नाही असं बेचव मिश्रण छापू लागतात. लोकच वाचणं सोडतात. अग्निशामकांना जाळायचं काम मिळतं ते या सगळ्याच्या नंतर. कादंबरीतली आग म्हणजे उरलंसुरलं आवरून घेणं आहे.

माँटॅगच्या बायकोची, मिल्ड्रेडची, दिवाणखान्यातली यंत्रणा तर आज वाचताना दचकायला होतं. तीन भिंतींवर पडदे आहेत, चौथा बसवायला दोन हजार डॉलर लागणार आहेत, म्हणजे नवऱ्याच्या वार्षिक पगाराचा तिसरा हिस्सा. शंभर डॉलरचं एक जोडयंत्र लावलेलं आहे, त्यामुळे निवेदक कार्यक्रमात मधेच तिचं नाव घेतो. एका नाटकाची संहिता तिला टपालाने येते. त्यात एका पात्राचे संवाद कोरे ठेवलेले असतात आणि ठरल्या क्षणी ते तिने म्हणायचे असतात. सगळे तिच्याकडे वळून मत विचारतात, आणि तिचं मत काय, तर 'छान आहे'. सहभाग पूर्ण, उत्तर आधीच ठरलेलं. या यंत्रणेत तिच्यासमोर कोणी पुस्तक जाळत नाही आणि कोणी तिचं तोंड दाबत नाही. तिला फक्त आपल्याला विचारलं जातंय असं वाटत राहतं.

इथे एक प्रचलित समज खोडून काढायला हवा. ऑर्वेलला पुस्तकांवर बंदी येईल याची भीती होती, हक्सलेला भीती होती की बंदीची गरजच उरणार नाही, अशी जोडी लावून दिलेली असते. ऐकायला ती सुबक आहे. पण हक्सलेच्या १९३२च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये मुस्तफा माँड हा सत्ताधारी नियंत्रक चक्क सेन्सॉरचं काम करताना दिसतो. जीवशास्त्रातला एक निबंध वाचतो, त्याला तो आवडतोही, आणि तरी प्रकाशित करू नये असा शेरा मारतो. बायबल त्याच्या तिजोरीत आहे, आणि बंदी असलेला शेक्सपिअर त्याने स्वतः वाचलेला आहे. सुखाची गुंगी देणाऱ्या सोमाच्या गोळ्या आणि चित्रपटगृहातली सुखं असूनही कात्री लागतेच. फरक इतकाच की ती एका खोलीत, एका माणसाच्या हाती आहे, आणि बाहेर कोणाला पत्ता नाही.

आता कात्रीच्या कारागिरीकडे येऊ.

कागदावरचं छापील वाक्य मागे घेणं किती त्रासाचं असतं, याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण कादंबरीतलं नाही. १९५३मध्ये स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख राहिलेल्या लावरेन्ती बेरियाचं पतन झालं. 'महान सोव्हिएत विश्वकोशा'च्या पाचव्या खंडात त्याच्यावर स्तुतिपर लेख आणि पानभर छायाचित्र होतं, आणि तो खंड वर्गणीदारांच्या घरी आधीच पोचलेला. प्रकाशकांनी वर्गणीदारांना पत्र पाठवलं: अमुक पानं कात्रीने किंवा ब्लेडने कापा, शिवणीजवळ थोडी कडा ठेवा, म्हणजे सोबतची नवी पानं तिथे चिकटवता येतील. नव्या पानांवर बेरिंग समुद्र होता, बर्कली हा तत्त्वज्ञ होता, बेर्गहोल्त्स नावाचा अठराव्या शतकातला एक दरबारी होता. वर्णानुक्रमात बेरियाच्या शेजारी बसतील असे विषय शोधून ते फुगवले होते. ही सेन्सॉरशिप हास्यास्पद वाटते, कारण तिला प्रत्येक घरातल्या माणसाचा हात लागत होता. एखादा कंटाळा करणार, एखादा पानं कापून जपून ठेवणार, आणि परदेशातल्या ग्रंथालयांत तर जुनी पानं आणि त्यांच्या जागी लावायची पानं दोन्ही राहणार. तसंच झालं, म्हणून तर ही गोष्ट आपल्याला माहीत आहे.

ऑर्वेलने '१९८४'मध्ये (प्रकाशन ८ जून १९४९) नेमकी ही अडचण सोडवून दाखवली. नायक विन्स्टन स्मिथ हा सत्य मंत्रालयात जुने अंक 'दुरुस्त' करणारा कारकून; त्याचं काम टप्प्याटप्प्याने वाचावं, कारण लेखकाने ते एखाद्या कचेरीच्या नियमपुस्तिकेसारखं लिहिलंय. हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळीतून चिठ्ठी येते. विन्स्टन टेलिस्क्रीनवर (दाखवणारा आणि पाहणाराही पडदा) आकडा फिरवून 'टाइम्स'चा तो जुना अंक मागवतो. दुरुस्ती स्पीकराइटमध्ये बोलतो, छापून आलेला कागद अंकाला टाचतो आणि दुसऱ्या नळीत सारतो. मूळ चिठ्ठी आणि स्वतःची टिपणं 'मेमरी होल'मध्ये टाकतो, तिथून ती भट्टीत जातात. मग तो अंक पुन्हा छापला जातो, जुना नष्ट होतो, आणि दुरुस्त अंक फायलीत जुन्याच तारखेने बसतो. चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर आणायचं आहे, तर आधी 'कपात होणार नाही' असं दिलेलं वचन 'एप्रिलमध्ये कपात करावी लागेल' या इशाऱ्यात बदलतं. दुसऱ्या दिवशी टेलिस्क्रीन सांगते, रेशन वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी आभार मानले. लोक ते ऐकून घेतात, कारण ताडून बघायला कुठेच काही उरलेलं नाही.

या यंत्रणेचा कच्चा दुवा म्हणजे ती माणसांवर चालते. रेकॉर्ड्स खात्यात कारकुनांची फौज लागते, आणि प्रत्येक कारकुनाला निदान आपण बदललेलं वाक्य माहीत असतं. विन्स्टनच्या हाती कधीतरी एक छायाचित्र लागलं होतं आणि तो ते विसरू शकला नाही, या एका फटीवर सगळी कादंबरी उभी आहे. कारकून काढून टाकला की फट बुजते.

हे सगळं ऑर्वेलने हवेतून उचललं नव्हतं. १९४१ ते १९४३ तो बीबीसीच्या पूर्व विभागात भारतासाठीचे कार्यक्रम करत होता. आठवड्याची बातमीपत्रं तो इंग्रजीत लिहायचा आणि ती भारतीय भाषांत भाषांतरित होऊन प्रसारित व्हायची. त्यात मराठीही होती. त्याच्या विभागात कोल्हापूरकडच्या शिरोळच्या वेणू चितळे काम करत होत्या. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद आणि ऑर्वेल एकाच मायक्रोफोनभोवती जमलेत, त्या गाजलेल्या छायाचित्रात साडी नेसलेल्या त्याच. युद्धकाळातल्या या संहितांवर दोन शिक्के लागत, एक धोरणाचा आणि एक सुरक्षिततेचा. त्यांच्याशिवाय कोणी बोलू शकत नसे. ऑर्वेलची पत्नी आयलीन काही काळ सेन्सॉर खात्यातच नोकरीला होती. माणसाने आधी खात्यातली शिक्क्यांची व्यवस्था आतून पाहिली आणि मग कादंबरीतलं सत्य मंत्रालय उभारलं.

पण त्याला जास्त डाचलं ते शिक्का नसलेलं सेन्सॉरिंग. 'अ‍ॅनिमल फार्म' हे सोव्हिएत राजवटीवरचं रूपक १९४४मध्ये एकामागून एक प्रकाशकांनी नाकारलं. जोनाथन केपने माहिती मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याचा सल्ला ऐकून माघार घेतली. फेबरतर्फे एलियटने नकार कळवला. बंदीचा एकही हुकूम निघाला नव्हता. सोव्हिएत रशिया तेव्हा मित्रराष्ट्र होतं, आणि या वेळी असलं छापणं बरं दिसत नाही एवढंच सगळ्यांना एकदम वाटलं. पुस्तकासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ऑर्वेलने मांडलं होतं की इंग्लंडमधली साहित्यिक सेन्सॉरशिप बहुतांशी ऐच्छिक आहे. गंमत म्हणजे १९४५मध्ये पुस्तक आलं ते त्या प्रस्तावनेशिवाय, आणि ती छापली जायला १९७२ साल उजाडलं.

खूण राहते तेव्हा काय घडतं, हे आपल्याकडच्या दोन प्रकरणांत नीट दिसतं. १९७२मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला परिनिरीक्षण मंडळाने बत्तीस काटछाटी सुचवल्या आणि पुढे बंदी आली. नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मंडळाचा हुकूम जाचक होता, पण तो कागदावर होता, काटछाटींना आकडा होता, आणि म्हणून त्याच्यावर बोट ठेवून न्यायाधीशांना विचारता आलं. दुसरं प्रकरण आणीबाणीचं. जून १९७५मध्ये पूर्वपरीक्षण लागू झाल्यावर 'इंडियन एक्स्प्रेस'ने २८ जूनच्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी सोडली. सेन्सॉरची त्यावरची प्रतिक्रिया फार शहाणपणाची होती, सेन्सॉरच्या दृष्टीने: कोरी जागा सोडायलाच मनाई. अग्रलेख नको, आणि तो नाही हे दाखवणारी पोकळीही नको. रकाना भरलेला हवा, मग पाककृतीने का होईना. त्याच काळात मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' या नियतकालिकातले अकरा मजकूर अडवले गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि फेब्रुवारी १९७६च्या निकालात न्यायालयाने म्हटलं त्याचा आशय असा: सगळ्या वृत्तपत्रांनी एकाच वाऱ्याला शिडं लावावीत, एका रांगेत चालावं, एका सुरात बोलावं, हे पाहणं सेन्सॉरचं काम नव्हे. आणीबाणी चालू असताना दिलेला हा निकाल आहे. अकरा मजकूर मोजता आले म्हणून तो देता आला.

आता कारकून काढून टाकू.

१७ जुलै २००९ रोजी अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून काही ई-पुस्तकं परस्पर पुसली. विकणाऱ्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते, हे कारण खरं होतं. पैसेही परत केले. पुसलेली पुस्तकं होती '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म'. एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी काढलेली टिपणं पुस्तकाबरोबर निरर्थक झाली, कारण ती ज्या वाक्यांना जोडलेली होती ती वाक्यंच उरली नाहीत. त्याने दावा लावला. कंपनीने माफी मागितली आणि तडजोडीत कबूल केलं की अमेरिकेत विकलेल्या यंत्रांवरून यापुढे पुस्तक पुसलं जाईल ते ठराविक कारणांनीच: ग्राहकाने संमती दिली, त्याने स्वतः परतावा मागितला, पैसे वटले नाहीत, न्यायालयाचा किंवा नियामकाचा हुकूम आला, किंवा फाइल यंत्राला घातक निघाली. लोकांच्या लक्षात राहिलं ते ऑर्वेलचं नाव. मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं ते हे, की ब्लेड घेऊन बसणारा वर्गणीदार इथे लागलाच नाही. यंत्र सर्व्हरशी जुळवून घेतं, सर्व्हरच्या यादीत पुस्तक नाही, म्हणून यंत्रावरही नाही.

आणि पुसणं ही तरी ढोबळ गोष्ट आहे, पुस्तक गायब झालेलं कळतं. बदलणं कळत नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये पफिनने रोआल्ड डालच्या बालपुस्तकांत शेकडो बदल केल्याचं उघड झालं. ऑगस्टस ग्लूपचं 'फॅट' जाऊन 'एनॉर्मस' झालं, असे. गदारोळानंतर मूळ पाठही विक्रीत ठेवायचं प्रकाशकांनी जाहीर केलं. बदल बरे की वाईट हा वाद मी इथे घालत नाही, काही बदल मलाही समजण्यासारखे वाटतात. पण आधी विकत घेतलेली ई-पुस्तकंही आपोआप बदलल्याच्या तक्रारी आल्या, आणि भाषा वेळोवेळी तपासली जाते अशी मोघम सूचना सोडता काय बदललं याची यादी पुस्तकात नव्हती. वर्तमानपत्राने दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ओळ ओळ ताडली तेव्हा यादी झाली. ताडायला जुनी छापील प्रत होती. फक्त ई-स्वरूपात निघणाऱ्या पुस्तकाचं काय करायचं?

समाजमाध्यमांवरचा प्रकार याच्याही पुढचा. तिथे आधी आपल्यालाच कापायला लावलं जातं. मराठी व्हिडिओंच्या मथळ्यांत 'हत्या' या शब्दाच्या पोटात फुली घातलेली असते, 'आत्महत्या'त मधेच चांदणी. ऑर्वेलच्या न्यूस्पीकला, म्हणजे '१९८४'मधल्या सत्तेने छाटून घडवलेल्या भाषेला, निदान शब्दकोश होता, अकराव्या आवृत्तीवर काम चालू होतं. इथे यादी कोणीच दिलेली नाही. कोणाचा तरी व्हिडिओ कमी लोकांपर्यंत पोचला, त्याने शब्दावर ठपका ठेवला, दुसऱ्याने तेच केलं, आणि रिवाज पडला. नियम ठाऊक नसला की माणूस नियमापेक्षा हातभर मागे उभा राहतो. टेलिस्क्रीनमागे या क्षणी कोणी बसलंय की नाही हे कळत नसतं, म्हणून सगळेच कायम चेहरा सांभाळतात. अगदी तेच.

यंत्र चुकतं किती, याचा हिशोब सोपा आहे. समजा दिवसाला दहा लाख मजकूर येतात आणि त्यांतला हजारात एक खरोखर आक्षेपार्ह आहे, म्हणजे एक हजार. गाळणी चांगली आहे: आक्षेपार्ह मजकुरातला ९५ टक्के पकडते आणि निर्दोष मजकुरात फक्त एक टक्का चुकते. पकडले गेले ९५०. पण उरलेल्या नऊ लाख नव्व्याण्णव हजारांचा एक टक्का म्हणजे ९,९९०. काढून टाकलेल्या दर अकरा मजकुरांत दहा निर्दोष. उंबरठा चढवला तर चूक कमी होते, पण खरे गुन्हेगारही निसटतात. दोन्ही एकदम साधत नाही, हा कारस्थानाचा भाग नव्हे, अंकगणिताचा आहे. मराठीत तर नुसत्या शब्दयादीवर चालणारी गाळणी पहिल्याच दिवशी आडवी होईल. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, मिठी मारतो, डोळा मारतो, चकरा मारतो, आणि एकाही वेळी कोणाला लागत नाही. त्यात बरीच मराठी रोमन लिपीत टंकलेली, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. अशा चुका होणारच असतील, तर तुमचा मजकूर कुठल्या नियमाखाली गेला, यंत्राने काढला की माणसाने, आणि दाद कुठे मागायची, हे त्या मजकुराच्या जागी दिसायला हवं. होतं असं की मजकूर जागच्या जागी असतो, लेखकाला दिसतो, आणि बाकी कोणापर्यंत पोचत नाही. कोऱ्या रकान्यावरची बंदीच ही, फक्त हुकूम न काढता.

गंमत अशी की खूण ठेवायची एक व्यवस्था वेबवर आहे आणि तिचं नाव ब्रॅडबरीकडून आलंय. सर्व्हर प्रत्येक मागणीला तीन अंकी उत्तर देतो: ४०४ म्हणजे पान सापडलं नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही. ब्रॅडबरी ५ जून २०१२ रोजी गेला आणि त्याच महिन्यात टिम ब्रे या संगणकतज्ज्ञाने ४५१ हा आकडा सुचवला. अर्थ: मागितलेलं पान कायदेशीर कारणाने दाखवता येत नाही. डिसेंबर २०१५मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी २०१६मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी ७७२५ म्हणून ते प्रसिद्ध झालं. उत्तराबरोबर कुठला कायदा, कोणाची मागणी हे लिहावं अशी त्यात अपेक्षा आहे, आणि अडवणूक प्रत्यक्ष कोण अमलात आणतंय ते सांगायला 'ब्लॉक्ड-बाय' नावाचा दुवा जोडायची सोय आहे. २०१८मध्ये युरोपचा विदा-संरक्षण (डेटा प्रोटेक्शन) कायदा लागू झाला तेव्हा काही अमेरिकी वृत्तपत्रांच्या साइट्सनी युरोपातल्या वाचकांना हाच आकडा दाखवला. ज्यांनी हे लिहिलं ते भाबडे नव्हते. काही सत्ताधाऱ्यांना अडवणूक तर हवी असते, पण ती दिसायला नको असते, म्हणून ४५१ नाही याचा अर्थ सेन्सॉर नाही असा घेऊ नका, असं त्यांनी त्या दस्तऐवजातच बजावलंय.

प्रत्यक्षात ४५१ हा आकडा क्वचित दिसतो, त्याची कारणं अगदी तांत्रिक आहेत. इंटरनेट पुरवणारी कंपनी साइट अडवते ती साधारण दोन ठिकाणी. एक, नावाचा पत्ता शोधताना: तुम्ही साइटचं नाव विचारता, कंपनी चुकीचा पत्ता देते किंवा काहीच देत नाही. दोन, जोडणी सुरू होताना: एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीमध्ये मजकूर सांकेतिक असतो, पण पहिल्या निरोपात साइटचं नाव बहुधा उघड असतं. ते वाचून कंपनी जोडणी तोडते. मग ब्राउझर म्हणतो, 'कनेक्शन रीसेट झालं'. माणूस राउटर बंद करून चालू करतो, शेजाऱ्याला विचारतो, शेवटी पावसाला किंवा केबलवाल्याला दोष देतो. कंपनीने प्रामाणिकपणे ४५१ दाखवायचं ठरवलं तरी एचटीटीपीएसमध्ये ते मधेच घुसवता येत नाही. कंपनीकडे त्या साइटचं प्रमाणपत्र नसतं आणि ब्राउझर धोक्याची सूचना देऊन थांबतो. म्हणजे जी सोय आपल्याला चोरांपासून वाचवते तीच इथे खुणेच्या आड येते. खूण सर्व्हरनेच द्यायची किंवा वेगळ्या सार्वजनिक नोंदवहीत ठेवायची, तिसरा सोपा मार्ग नाही.

नोंदवहीचा प्रश्न आला की भारतात गाडी अडते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार साइट किंवा मजकूर रोखू शकतं. २००९च्या नियमांत पद्धत दिलीय: समितीपुढे तपासणी, मजकूर टाकणारा किंवा मध्यस्थ सापडला तर त्याला नोटीस आणि उत्तरासाठी निदान ४८ तास, तातडी असेल तर आधी बंद आणि मग तपासणी, दर दोन महिन्यांनी आढावा. कागदावर हे वाईट नाही. २४ मार्च २०१५च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा सांगणारं कलम ६६अ रद्द केलं. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, त्यानंतर दाखल झालेली ही याचिका. त्याच निकालात ६९अ मात्र टिकलं, कारण हुकूम सकारण आणि लेखी असावा लागतो, म्हणजे त्याला आव्हान देता येतं. पण याच नियमांतला सोळावा नियम तक्रारी आणि त्यांवरची कारवाई कडक गुप्ततेत ठेवायला सांगतो. कारण लेखी आहे, पण ज्याला आव्हान द्यायचंय त्याच्या हाती कागद नाही. बत्तीस काटछाटींची यादी मंडळाच्या कपाटात कुलूपबंद राहिली असती, तर सारंग न्यायालयात काय घेऊन गेले असते?

गुप्ततेच्या बाजूने दोन म्हणणी मांडली जातात. एक असं की यादी जाहीर केली तर तीच जाहिरात होईल. यात तथ्य आहे, विशेषतः लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराबाबत, तिथे पत्ता छापणं हा गुन्ह्याला हातभार ठरेल. त्यावर उपाय अवघड नाही: हुकुमाची तारीख, कलम, किती पत्ते, कारणाचा वर्ग आणि दाद मागायची मुदत जाहीर करा, अशा वर्गात पत्ता झाका. दुसरं म्हणणं देशाच्या सुरक्षिततेचं. तिथे गुप्तता काही महिने समजू शकते, कायमची नाही. कायमच्या गुप्ततेत कोणी चूक दुरुस्तही करत नाही, कारण चूक झाली हेच कोणाला माहीत नसतं. ट्विटरने २०१२पासून एक पद्धत चालवली, कायदेशीर मागणीमुळे या देशात हे खातं रोखलंय अशी पाटी त्या जागी दिसायची. कारण त्यात अपुरं असायचं, तरी वाचकाला निदान राउटर बदलावा लागला नाही.

रशियन लेखक झाम्यातिनने १९२०-२१मध्ये 'आम्ही' ही कादंबरी लिहिली तेव्हा त्याच्या एकराज्यात घरं काचेची होती. पडदे ओढायचे ते नेमून दिलेल्या तासाला, गुलाबी चिठ्ठी दाखवून. लेखक स्वतः जहाजबांधणीचा अभियंता, न्यूकॅसलला बर्फफोड्या जहाजांवर देखरेख केलेला, त्यामुळे त्याची काच मोजमापाची वाटते. कादंबरी आधी १९२४मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीत छापली गेली, त्याच्या स्वतःच्या देशात १९८८मध्ये. ती वाचताना लक्षात येतं की काचेबद्दल त्याचं भांडण नव्हतं. काच एकाच बाजूने लावलेली होती, याबद्दल होतं.

प्रकाशकांकडून मागायचं ते तर फारच थोडं आहे. मराठी छापील पुस्तकात 'दुसरी आवृत्ती', 'सुधारित आवृत्ती', 'पुनर्मुद्रण' हे शब्द वेगवेगळे वापरायची रीत आहे, आणि चांगला संपादक काय सुधारलं हेही दोन ओळींत लिहितो. ई-पुस्तकाला तोच नेम लावावा: बदल झाला की आवृत्तीचा क्रमांक बदलावा, जुन्या ग्राहकाला विचारून नवी फाइल द्यावी, जुनी त्याच्याकडे राहू द्यावी, आणि बदलांची यादी पुस्तकाच्या शेवटी जोडावी. संगणकाच्या साध्या प्रोग्रॅमलाही अशी यादी असते, कादंबरीला का नको? ग्रंथालयांनी ई-प्रती भाड्याने घेताना हे करारात घालावं, कारण एकट्या ग्राहकाचं कोणी ऐकत नाही आणि विद्यापीठाचं ऐकतात. १९६७च्या त्या शालेय आवृत्तीत 'शाळांसाठी बदललेला मजकूर' असे तीन शब्द छापले असते, तर शिक्षकांनी मूळ मागितली असती. काहींनी नसतीही मागितली.